रिकाम्या खोलीचं मोजमाप

१

कारखान्यात माझं टोपणनाव नकारघंटा. तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठ वळली की म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. हो म्हणणारे टेबलाभोवती भरपूर असतात. सुरक्षा अधिकारी नाही म्हणण्यासाठी असतो, आणि ते काम मी मन लावून करते.

एकाच माणसापुढे माझं काही चालत नाही. ती माझी आई. रोज जेवणाची सुट्टी संपता संपता तिचा फोन येतो. तिचा गुडघा, शेजारणीची सून, न फुललेला गुलाब, सगळं क्रमाने येतं. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरते, मान डावीकडे कलते, हात मोकळे राहतात आणि तोंड आपोआप चालू राहतं. "हो. हो. बरं. चालेल. तुझंच बरोबर." शेवटी एक सुस्कारा. हा सुस्कारा मी जगात दुसऱ्या कुणासमोर टाकत नाही.

तर, मीटिंगच्या खोल्या सुधारायच्या असं वरून ठरलं. छतात माइक आणि स्पीकर, बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा, माणूस आत आला की लागणारे दिवे, आणि दाराबाहेर आत किती जण आहेत ते दाखवणारी छोटी पाटी. बसवायला आलेला तंत्रज्ञ कामाला वाघ होता. मोठ्या खोलीतलं सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता फक्त रिकाम्या खोलीचं मोजमाप राहिलं. ताई, जरा बाहेर थांबा."

"ते काय असतं?"

"खोलीत कुणी नसताना ती कशी दिसते, कशी वाजते, ते यंत्र एकदा शिकून घेतं. एसीची घरघर, खुर्च्या, पडदे. तेवढं ते वजा करतं. त्याच्यावर जे उरेल तो माणूस."

"आणि तुमची शिडी? त्या उघड्या वायरी?"

"मोजमाप झालं की आवरतो."

"नाही. उघड्या वायरी आणि खोलीत कुणी नाही, असं माझ्याकडे होत नाही. मी बसते."

त्याने खूप समजावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, दाराकडे पाठ करून, अंगात माझं नारिंगी जॅकेट. शेवटी तो म्हणाला, "बरं, हलू नका आणि बोलू नका." तो टॅबलेट घेऊन बाहेर गेला, दार लागलं, आणि आईचा फोन आला.

आईचा फोन कापायचा नसतो. मी हळू आवाजात बोलले, पण बोलले. वळून बघितलं तर दाराच्या काचेतून तो कपाळाला हात लावून उभा दिसला. त्याला दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. पुन्हा मोजायचा त्याला कंटाळा आला असणार. त्याने अंगठा वर केला, शिडी उचलली आणि गेला.

२

बॉयलर मी बंद ठेवला होता, हे आधी सांगायला हवं.

आमचा कारखाना कागदाचा. ओला कागद वाफेवर वाळतो, म्हणून बॉयलर बंद म्हणजे सगळंच बंद. त्याच्या एका जोडाला तडा गेला होता. केसाएवढा, पण होता. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं असं की वरवर डाग देऊन बुजवलाय, आता चालवू. माझं म्हणणं असं की तो जोड उघडून नीट केल्याशिवाय नाही.

बॉयलर सांभाळणारे दादा माझ्या बाजूचे होते. बाजूचे म्हणजे काय, बॉयलरला खेटून दिवसभर तेच उभे राहणार होते. आमच्या दोघांत एक रीत होती. पूर्वी कुणीतरी माझ्या सहीसारखी सही करून त्यांच्याकडे चिठ्ठी पाठवली होती आणि त्यांच्या सुदैवाने तेव्हा काही झालं नाही. तेव्हापासून चिठ्ठ्या बंद. "ताई, तुमच्या तोंडून हो ऐकेन तेव्हाच बर्नर पेटवीन," ते म्हणाले होते. बॉयलरघरात मोबाइल न्यायला बंदी, कारण तिथे गॅस. ही बंदीही माझीच. त्यामुळे मी स्वतः तिथे जाऊन सांगायचे. आता खोल्या सुधारल्या, तशी बॉयलरघरातही गॅसजवळ चालणारी, कॅमेरा-माइकवाली एक स्क्रीन लागली. "आता ताईंना पायपीट नको," साहेब म्हणाले. मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

नव्या खोलीतल्या पहिल्याच बैठकीला मी नेहमीसारखी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. साहेब बोलले, कॅमेरा त्यांच्याकडे वळला. प्रॉडक्शनवाले बोलले, त्यांच्याकडे वळला. मी बोलले आणि तो जिथे होता तिथेच राहिला. पडद्यावर मुख्य कार्यालयातली मंडळी आपापसात बघू लागली.

"कुणी बोलतंय का?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"सुरक्षा अधिकारी बोलतायत," साहेब म्हणाले.

"आम्हाला काहीच ऐकू येत नाही. आणि त्या दिसतही नाहीत."

मी आवाज चढवला. माझा आवाज मशीन चालू असताना शेडच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. टेबलाभोवतीचे दचकले. पडद्यावरचे तसेच शांत. मग मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आमच्या खोलीच्या चित्राकडे बघितलं. माझी खुर्ची तिथे पुसट होती, खिडकीच्या पडद्यात मिसळलेली. मी हात हलवला. पडद्याची चुणी हलल्यासारखी झाली, एवढंच.

"नवीन आहे, रुळेल," प्रॉडक्शनवाले म्हणाले. सगळे उठून गेल्यावर मी जरा वेळ बसून राहिले. एकेक करून दिवे विझले. मी आत होते आणि खोलीच्या मते आत कुणी नव्हतं. बाहेर येऊन पाटी बघितली तर ती शून्यावरून एकावर जाताना मला दिसली. मीच नुकती बाहेर आले, म्हणून मागेपुढे झालं असेल, असं मी स्वतःला समजावलं. मी काही घाबरट बाई नाही. पण नंतर जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की माझ्यामागे त्या खोलीचे दिवे पुन्हा लागले होते.

३

पुढच्या बैठकीला मी नव्हते. दाढ काढायला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब जिन्यात भेटले आणि हसले. ते मला बघून हसत नाहीत.

"काल चक्क ऐकून घेतलंत," ते म्हणाले. "बरं वाटलं."

"काल मी दातांच्या डॉक्टरकडे होते."

"हो ना, फोनवरून जोडलेल्या होतात. छतातून आवाज येत होता तुमचा. बॉयलरचं विचारलं, तर म्हणालात चालेल."

माझा एक गाल अजून सुजलेला होता. काल मला धड पाणी पिता येत नव्हतं. मी तसं सांगितलं, तर त्यांनी मला खोलीत नेलं आणि रेकॉर्डिंग लावलं. प्रॉडक्शनवाले विचारत होते, "मग पुढच्या आठवड्यात बॉयलर घ्यायचा का सुरू?" आणि मग माझा आवाज. "हो. हो. बरं. चालेल. तुझंच बरोबर."

प्रॉडक्शनवाल्यांना मी एकेरीत कधीच बोलत नाही. साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मनात आपुलकी असेल. मी म्हणाले, कुणीतरी माझा आवाज चिकटवलाय. तसं घडू शकतं, हल्ली काहीही घडू शकतं. मी तसं मानायला अगदी तयार होते. पण "तुझंच बरोबर" नंतर रेकॉर्डिंगमध्ये तो सुस्कारा आला, लांब, नाकातून सोडलेला. तो चिकटवायला आधी कुणाकडे असायला तरी हवा होता.

"पुन्हा सांगते," मी म्हणाले. "माझं उत्तर नाही आहे."

"ते मला सांगून काय उपयोग," साहेब म्हणाले. "इथे जे रेकॉर्ड होतं तेच वर जातं. आणि इथे तुम्ही हो म्हणालात."

४

मी तंत्रज्ञाला बोलावून घेतलं. तो आला आणि कुरकुरला. फोनची गोष्ट त्याला आठवत होती, पण आधी मान्य करेना.

"असं होतं कधी कधी," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही आत होतात. त्यामुळे यंत्राच्या हिशेबात रिकामी खोली म्हणजे तुमच्यासकट खोली. तुम्ही बसलात की ते तुम्हाला वजा करतं. भिंत समजा."

"आणि मी नसले की?"

"म्हणजे?"

"माझ्यासकट ती रिकामी. मग माझ्याशिवाय ती काय?"

तो टॅबलेट चाळू लागला. म्हणाला, पुन्हा मोजू, सगळं सरळ होईल. सगळ्यांना बाहेर काढलं. या वेळी वायरी झाकलेल्या होत्या, त्यामुळे मीही निमूट बाहेर आले. त्याने टॅबलेटवर बोट ठेवलं. टॅबलेट म्हणाला, खोलीत कुणी आहे, मोजमाप सुरू करता येत नाही.

दाराबाहेरच्या पाटीवर एकाचा आकडा होता. काचेतून आम्ही दोघांनी आत बघितलं. टेबल, खुर्च्या, पडदे. दिवे सगळे लागलेले. कॅमेरा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळून स्थिर झाला होता. त्याच्या टॅबलेटवर खुर्चीचं चित्र जवळ येत गेलं, यंत्राने माणसाचा चेहरा सापडल्यावर यावं तसं. पाठ टेकायची गादी किंचित दबलेली दिसत होती. गाद्या दबतात, रोज कुणी ना कुणी बसतं.

"जरा आत जा बघू," तो म्हणाला. आवाज बदलला होता.

मी आत गेले आणि खुर्चीत बसले. बसताना गादी गार लागेल अशी माझी समजूत होती. ती कोमट होती. बाहेरून तो ओरडला, "शून्य. आता मोजता येतंय." मी उठून दारापर्यंत आले. "एक," तो म्हणाला. पुन्हा बसले. "शून्य."

आम्ही दोनदा आणखी करून बघितलं. मग त्याने आपली बॅग भरली. एक स्क्रू खाली राहिला, तो उचलायलाही थांबला नाही. "कंपनीकडून दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो," तो म्हणाला. जाताना त्याने काचेकडे बघायचं टाळलं. पुढे कुणीही आलं नाही.

त्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, ही खोली बंद ठेवा. ते म्हणाले, तुम्हाला काहीही बंद ठेवायला आवडतं.

५

बॉयलर सुरू करायची बैठक जेवणानंतर ठेवली. मी सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मुद्दाम. मी बसलेली असताना तिला बसता येणार नाही, एवढा हिशेब माझ्या डोक्यात पक्का झाला होता. तिला हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वापरला आणि माझाच मला राग आला.

पडद्यावर बॉयलरघर होतं. दादा बर्नरजवळ उभे, हात पुसत.

"काय मग," साहेब म्हणाले, "पेटवायचा?"

"ताईंचं काय म्हणणं?" दादा म्हणाले. "ताई दिसत नाहीत."

"मी इथे आहे, दादा. पेटवू नका," मी म्हणाले. टेबलाभोवती सगळ्यांनी ऐकलं. दादा पडद्यातून खोलीभर नजर फिरवत राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही सांगा त्यांना," मी प्रॉडक्शनवाल्यांना म्हणाले. ते पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. इथल्या सगळ्यांनाच नाही हा शब्द जड जात होता.

साहेब माझ्याकडे वळले, फार गोड आवाजात. "ताई, मग जा ना तुम्ही स्वतः. पूर्वी जात होतातच. आम्ही थांबतो."

मी अर्धी उठले. आणि कॅमेरा हलला. सावकाश, न कुरकुरता, तो माझ्या खुर्चीकडे वळू लागला. छतातून बारीक, माझ्या आवाजात आलं, "हो."

मी बसले. कॅमेरा थांबला. साहेब तसेच गोड हसत होते. त्यांना ते काय आहे हे माहीत नव्हतं, पण ते कधी बोलतं हे त्यांना नेमकं कळलेलं होतं.

बॉयलरघर अंगणाच्या पलीकडे. मी उठून धावले तरी पोचेपर्यंत ती दहादा हो म्हणणार. बसून राहिले तर मी भिंत. आणि तिकडे तो माणूस माझ्या एका शब्दावर आपला जीव ठेवून उभा, कारण तसं मीच त्याला शिकवलं होतं.

"आला वाटतं ताईंचा हो," दादा म्हणाले. "पण तुटक आला. ताई, पुन्हा एकदा सांगा."

टेबलावर माझा फोन थरथरला. आई.

मी फोन उचलला आणि पहिल्यांदाच स्पीकरवर टाकला. "अगं, ऐक," आईचा खणखणीत आवाज आला, "तो गुडघा आज..."

कॅमेरा गर्रकन फोनकडे वळला. पडद्यावर माझा फोन मोठा दिसू लागला. मोजमापाच्या दिवशी आईचा आवाज फक्त माझ्या कानात होता, खोलीने तो कधी ऐकलेला नव्हता.

"कोण बोलतंय?" दादा म्हणाले.

"आई, मी सांगते ते जसंच्या तसं मोठ्याने म्हण."

"आधी माझं ऐकून घे, मग तुझं..."

"नाही," मी म्हणाले. "आधी माझं."

इतक्या वर्षांत मी तिला हा शब्द म्हटला नव्हता. सगळ्या जगाला म्हणून झाल्यावर तिच्यासाठी शिल्लकच राहत नसे.

"बरं, सांग," आई म्हणाली.

"म्हण, बॉयलर पेटवू नका. जोडाला तडा आहे."

"बॉयलर पेटवू नका. जोडाला तडा आहे," आईने शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं.

"ताईंच्या आई का?" दादांनी विचारलं. "पण आई, ताई तर आत्ता हो म्हणाल्या. मी ऐकलं."

मी तोंड उघडलं, पण आईला कुणी सांगायची गरज नव्हती. "तिचा हो मला विचार," आई म्हणाली. "रोज ऐकते मी. ती हो म्हणते ना, तेव्हा तिचं लक्षच नसतं. तिच्या हो वर मी साधी भाजीसुद्धा ठरवत नाही. आत्ता ती मला नाही म्हणतेय, माझ्या तोंडावर. हे खरं समज आणि तिथून आधी बाहेर ये."

दादांनी क्षणभर पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी वाकून गॅसचा मुख्य कॉक बंद केला, माझी धोक्याची लाल पाटी बर्नरवर अडकवली आणि ते चित्रातून बाहेर गेले. साहेब काहीतरी बोलू लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते त्यांना दाखवायचे नव्हते.

"झालं का तुझं?" आईने विचारलं. "आणि काय गं, तुझ्या मागे कोण आहे? मघापासून हो हो करतंय."

मी वळून बघितलं नाही. मागे फक्त बंद दार होतं. "कुणी नाही, आई," मी म्हणाले. "तू गुडघ्याचं सांग."

६

सगळे निघून गेले तरी मी उठले नाही. साहेब जाताना म्हणाले, वर कळवतो. मी म्हणाले, जरूर कळवा. दादा अंगण ओलांडून आले आणि दारात उभे राहिले. दिवे विझले होते.

"दादा, या खोलीचा स्विचबोर्ड बाहेर आहे," मी म्हणाले. "मेन बंद करा आणि फ्यूज काढा."

खटका पडल्याचा आवाज आला. एसीची घरघर थांबली, दाराबाहेरची पाटी काळी झाली. मी उठले. चालत दारापर्यंत आले, दार ओढून घेतलं आणि जॅकेटच्या खिशातून दुसरी लाल पाटी काढून दाराच्या मुठीला अडकवली. धोका. मला विचारल्याशिवाय चालू करू नये. खाली माझी सही. दादांनी फ्यूज माझ्या हातात दिला.

तेवढ्यात आतले दिवे लागले.

काचेतून खोलीची एकच बाजू दिसत होती, टेबलाचा कोपरा आणि माझ्या खुर्चीचा थोडा भाग. खुर्चीवर आमच्याकडे पाठ होती. नारिंगी जॅकेटची. मान डावीकडे कललेली, खांद्याला टेकलेली, आणि डोकं हळूहळू हलत होतं, ऐकून घेणाऱ्या माणसाचं हलतं तसं. मी माझ्या जॅकेटची बाही चाचपली. ती माझ्या अंगावरच होती.

"ताई, चला," दादा म्हणाले.

मी काचेला तोंड लावलं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही."

डोकं हलायचं थांबलं. छतातले माइक मेलेले, स्पीकर मेलेले, तरी आतून हळू आवाजात उत्तर आलं. "बरं. चालेल. तुझंच बरोबर."

"नाही," मी पुन्हा म्हणाले. फ्यूज माझ्या मुठीत होता. उद्याही मी येणार होते, परवाही, आणि त्या दारात उभी राहून हेच सांगणार होते. ती कधीतरी तोंड फिरवून बघेल तेव्हाही.